६.२४ टक्के, पण कशाचे? बास्क प्रदेशाच्या स्वतंत्र तिजोरीचा एक प्रकरण अभ्यास

स्पेनच्या सरकारी हिशेबात एक आकडा आहे, जो १९८१ पासून जागचा हललेला नाही: ६.२४ टक्के. या काळात स्पेन युरोपीय समुदायात गेला, पेसेता जाऊन युरो आला, बिल्बाओच्या पोलाद भट्ट्या विझल्या आणि नदीकाठच्या औद्योगिक जागेवर टायटॅनियमने मढवलेलं कलासंग्रहालय उभं राहिलं. माद्रिदमध्ये समाजवादी आले, पुराणमतवादी आले, पुन्हा समाजवादी आले. आकडा मात्र तोच. देशाच्या सामायिक खर्चातला उत्तरेकडच्या बास्क प्रदेशाचा वाटा याच टक्केवारीने ठरतो.

प्रादेशिक स्वायत्ततेने देशाच्या अर्थव्यवस्थेचं भलं होतं की नुकसान, हा वाद बहुतेक वेळा झेंड्यांच्या आणि भाषेच्या भाषेत होतो. बास्क प्रकरणाचा फायदा असा, की इथे तो वाद थेट वहीखात्यात उतरतो. कोण गोळा करतं, कोण कोणाला देतं, बुडालं तर कोणाचं बुडतं, हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. निदान लिहिलेलं असायला हवं होतं. काय लिहिलेलं नाही, तिकडे पुढे येतोच.

उलटा प्रवाह

स्पेनमध्ये १७ स्वायत्त प्रदेश आहेत. त्यातले १५ 'सामान्य व्यवस्थेत' येतात. तिथे प्रमुख कर केंद्राची यंत्रणा वसूल करते. २००९ च्या सुधारणेनुसार प्राप्तिकर आणि व्हॅट या दोन्हींचा निम्मा वाटा प्रदेशाच्या नावावर जमा धरला जातो, पण तो सरळ प्रदेशाच्या हाती पडत नाही. प्रदेशाच्या प्रमाणित करउत्पन्नाचा ७५ टक्के भाग एका सामायिक निधीत जातो, केंद्र त्यात भर घालतं, आणि मग लोकसंख्या, वृद्धांचं व शाळकरी मुलांचं प्रमाण, विरळ वस्ती वगैरे पाहून त्याचं वाटप होतं. श्रीमंत माद्रिद आणि कॅटलोनिया घालतात जास्त, घेतात कमी. शाळा आणि दवाखाने देशभर साधारण एका पातळीवर राहावेत, हा हेतू.

बास्क प्रदेश आणि शेजारचा नावार्रा हे दोन या रचनेबाहेर आहेत. बास्क प्रदेशात प्राप्तिकर, कंपनीकर, व्हॅट, वारसाकर हे सगळं बिस्काया, गिपुस्कोआ आणि आलावा या तीन प्रांतांची आपापली मंडळं वसूल करतात. त्यातून बास्क सरकार चालतं, प्रांत चालतात, नगरपालिका चालतात. आणि मग वर्षाकाठी एक रक्कम माद्रिदला पाठवली जाते. तिचं नाव 'कूपो'. लष्कर, परराष्ट्र खातं, राजघराणं, राष्ट्रीय कर्जावरचं व्याज अशी जी कामं केंद्र अजूनही स्वतः करतं, त्यांच्या खर्चाचे ६.२४ टक्के, त्यातून काही वजावटी. एरवी पैसा केंद्राकडून प्रदेशाकडे वाहतो. इथे तो उलटा वाहतो. या साऱ्या कराराला 'कॉन्सिएर्तो एकोनोमिको' म्हणतात, म्हणजे आर्थिक समझोता.

सामाजिक सुरक्षा मात्र यात नाही. निवृत्तिवेतनाचा निधी देशभर एकच आहे, आणि बास्क समाज म्हाताऱ्यांचा व चांगल्या पगारावर निवृत्त झालेल्यांचा असल्याने तिथे जमणाऱ्या वर्गणीपेक्षा वाटलं जाणारं निवृत्तिवेतन जास्त आहे. 'आमचं आम्ही बघतो' या वाक्याला असलेली ही मोठी तळटीप बास्क प्रचारसभांत सहसा ऐकू येत नाही.

पराभवातून मिळालेली सवलत

गंमत अशी, की हा करार बास्क विजयातून आलेला नाही. बास्क प्रांतांना जुन्या सनदांनुसार करमाफी आणि सैन्यभरतीतून सूट होती. राजगादीच्या वारशावरून पेटलेल्या तिसऱ्या कार्लिस्ट युद्धात हरलेल्या बाजूला उभे राहिल्यावर १८७६ साली ती सूट गेली. पण कर लावायचं ठरवलं तरी वसूल कोण करणार? केंद्राकडे त्या डोंगराळ प्रांतांत ना कारकून होते ना नोंदवह्या. तेव्हा पंतप्रधान कानोवास देल कास्तिल्यो यांच्या सरकारने १८७८ मध्ये प्रांतिक मंडळांशीच सौदा केला: ठरलेली ठोक रक्कम आम्हाला द्या, ती कोणाकडून कशी काढायची ते तुमचं तुम्ही बघा. मुदत होती आठ वर्षं. तात्पुरती सोय म्हणून केलेल्या गोष्टी किती टिकतात, याचं हे चांगलं उदाहरण.

तो काळ बिस्कायाच्या लोहखनिजाचा होता. कमी फॉस्फरसचं ते खनिज बेसेमर पद्धतीच्या पोलादाला हवं तसं होतं आणि बोटी भरभरून ब्रिटनला जात होतं. प्रांतिक मंडळांनी ठोक रकमेची भरपाई मुख्यतः खाण्यापिण्याच्या वस्तूंवरच्या करांतून केली आणि खाणमालक व कारखानदार यांना फारसा हात लावला नाही. म्हणजे स्वायत्ततेचा पहिला फायदा झाला तो भांडवलाला. त्याची झळ सोसली ती बाजारात दारू आणि मांस विकत घेणाऱ्या खाणकामगाराने. बास्क उद्योग आणि बिल्बाओच्या बँका उभ्या राहण्यामागे हे एक कारण होतं, असं म्हणायला जागा आहे. एकमेव कारण होतं असं म्हणायला नाही.

१९३७ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, जनरल फ्रँकोने बिस्काया आणि गिपुस्कोआ या दोन 'गद्दार' प्रांतांचा समझोता रद्द केला. आलावाने त्याची बाजू घेतली होती, म्हणून आलावाचा चालू राहिला. ही आठवण लक्षात घेतली नाही तर आज बास्क माणूस करवसुलीच्या अधिकाराबद्दल इतका हळवा का, हे कळत नाही. त्याच्या लेखी ती सवलत नाही, जप्त झालेली आणि परत मिळालेली मालमत्ता आहे.

१९७८ च्या संविधानाने या प्रांतांचे 'ऐतिहासिक हक्क' मान्य केले, १९७९ ला स्वायत्ततेचा कायदा झाला आणि मे १९८१ मध्ये समझोता पुन्हा अमलात आला. २००२ पासून त्याला मुदतच उरलेली नाही, तो कायमचा आहे. दर पाच वर्षांनी फक्त कूपोची रक्कम काढण्याची पद्धत ठरते.

बुडालं तर कोणाचं?

१९८१ हे तिजोरी हातात घेण्याचं वर्ष म्हणून अगदीच वाईट होतं. जहाजबांधणी आणि पोलाद दोन्ही कोसळत होते. दशकाच्या मध्याला बेकारी २० टक्क्यांच्या वर गेली, नदीच्या डाव्या काठावरच्या कामगारवस्त्यांत त्याहून जास्त. १९८३ च्या ऑगस्टमध्ये बिल्बाओ पुरात बुडालं. एउस्काल्दुना गोदी १९८८ मध्ये बंद झाली, आणि त्याआधी तिथे कामगार व पोलीस यांच्यात रस्त्यावर लढाया झाल्या होत्या. आल्तोस ओर्नोस दे बिस्काया या जुन्या पोलाद कंपनीची शेवटची भट्टी १९९६ मध्ये थंड झाली.

सामान्य व्यवस्थेतल्या एखाद्या प्रदेशावर हीच वेळ आली असती तर त्याचं करउत्पन्न घटलं असतं आणि सामायिक निधीतून येणारा हिस्सा वाढला असता. बास्क प्रदेशाला ती सोय नव्हती. कूपो बास्क वसुलीवर अवलंबूनच नाही. पाच वर्षांच्या आत तो केंद्राच्या स्वतःच्या करउत्पन्नाच्या वाढीनुसार पुढे सरकतो. म्हणजे स्पेन चालला आणि बास्क प्रदेश बसला, तर कूपो वाढणार आणि तो भरायला घरात पैसा कमी असणार. तिथे याला 'एकतर्फी जोखीम' म्हणतात. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कणा हाच आहे. करवसुलीच्या अधिकाराबद्दल जेवढं बोललं जातं त्याच्या निम्मंसुद्धा या जोखमीबद्दल बोललं जात नाही.

कारण उद्योग वाचवण्याची घाई तिथल्या सरकारला झाली ती या जोखमीमुळे. कारखाना बंद पडला की दुसऱ्या वर्षी त्याचा खड्डा आपल्याच अर्थसंकल्पात दिसणार, हे ठाऊक असलेलं सरकार वेगळं वागतं. १९८१ मध्येच उद्योगविकासासाठी स्वतंत्र संस्था काढली गेली, १९८५ मध्ये सामुदिओला तंत्रज्ञान उद्यान सुरू झालं. यंत्रअवजारं, वाहनांचे सुटे भाग, पवनऊर्जेची सामग्री यांत छोट्या व मध्यम कारखान्यांना हात दिला गेला. जुन्या भट्ट्या कायमच्या पोसत बसण्याचा मोह होता, पण तेवढा पैसा नव्हता. आज तिथल्या उत्पादनात उद्योगाचा वाटा एक पंचमांशाहून जास्त आहे, स्पेनच्या सरासरीपेक्षा बराच वर. संशोधनावरचा खर्च उत्पन्नाच्या दोन टक्क्यांपुढे आहे, तेही देशाच्या सरासरीहून जास्त. बेकारी कमी आहे आणि दरडोई कर्जही कमी. २०१२ मध्ये कर्जबाजारी प्रदेशांना रोकड पुरवण्यासाठी केंद्राने निधी काढला तेव्हा कॅटलोनिया आणि व्हॅलेन्सिया त्यावर तगले. बास्क सरकारने त्यातून काही उचललं नाही.

बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयाची गोष्टही इथलीच. भट्ट्या विझत असताना बास्क संस्थांनी बांधकामावर सुमारे १० कोटी डॉलर घातले, तेव्हा गावात शिव्याशाप मिळाले. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये ते उघडलं आणि पुढचा बोलबाला सर्वांना माहीत आहे. त्या एका इमारतीने शहर तारलं, ही दंतकथा सोडून द्यावी. मेट्रो, नदीची सफाई, बंदर समुद्राच्या तोंडाशी हलवणं, हे सगळं आधीपासून चाललं होतं. पण असा जुगार खेळायचा की नाही हे बिल्बाओत आणि बास्क सरकारच्या व्हितोरियात ठरलं, माद्रिदच्या फायलीत नाही, एवढं खरं.

श्रेय वाटताना सावध

इथवर वाचून समझोत्याच्या गळ्यात हार घालावासा वाटेल. थोडं थांबायला हवं. बास्क प्रदेश समझोत्याच्या आधीही श्रीमंत होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दरडोई उत्पन्नात तो देशात तिसरा होता, १९९० च्या दशकाअखेर सहावा. म्हणजे स्वायत्ततेची पहिली वीस वर्षं ही घसरणीची वर्षं होती. मधे स्वतंत्र बास्क देशासाठी शस्त्र उचललेल्या एटा या संघटनेची हिंसा होती. आठशेहून अधिक खून, उद्योजकांकडून 'क्रांतिकर' म्हणून उकळलेली खंडणी, अपहरणं. अल्बेर्तो आबादी आणि हावियर गार्देआसाबाल या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक नामी युक्ती केली: प्रामुख्याने कॅटलोनिया आणि माद्रिदच्या आकड्यांचं मिश्रण करून हिंसा नसलेला एक 'काल्पनिक बास्क प्रदेश' रचला आणि खऱ्याशी ताडून पाहिला. हिंसेमुळे दरडोई उत्पन्न सुमारे १० टक्के अंकांनी मागे पडलं, असा त्यांचा निष्कर्ष.

तेव्हा एकाच चाळीस वर्षांत चार गोष्टी घडल्या. स्वायत्तता आली, हिंसा चालली आणि २०११ मध्ये थांबली, जड उद्योग कोसळले, युरोपची बाजारपेठ खुली झाली. यातलं किती कशामुळे, हे छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे मी तरी संशयानेच पाहतो.

शेजारी काय म्हणतो

स्वायत्ततेचा परिणाम देशावर होतो तो आधी सीमेवर दिसतो. एब्रो नदीच्या दक्षिणेला ला रिओहा हा छोटा प्रदेश आहे. नव्वदच्या दशकात बास्क प्रांतांनी नव्या कंपन्यांना 'करसुट्टी' दिली. आलावात दाएवू कंपनीचा कारखाना आला त्या वेळच्या सवलती युरोपीय आयोगाने बेकायदा सरकारी मदत ठरवल्या आणि वसुलीचे आदेश निघाले. ला रिओहाच्या राजधानीतला, लोग्रोन्योतला, एक कारखाना सीमा ओलांडून आलावात गेला, त्यावरूनही असंच झालं. ते अंतर किती, तर नकाशावर बोटाचं पेर.

दुसरा खटला अधिक मुळाशी जाणारा होता. देशात कंपनीकर ३५ टक्के असताना बास्क प्रांतांनी सर्वांसाठीच ३२.५ टक्के ठेवला. ही विशिष्ट कंपन्यांना मदत, की एका स्वायत्त करक्षेत्राचा साधा दर? पोर्तुगालच्या अझोर बेटांच्या प्रकरणात २००६ मध्ये युरोपीय न्यायालयाने कसोट्या घालून दिल्या होत्या: प्रदेशाला स्वतंत्र घटनात्मक दर्जा हवा, निर्णयात केंद्राची ढवळाढवळ नको, आणि कर कमी केल्याने पडणारा खड्डा केंद्राने भरून देता कामा नये. २००८ मध्ये हेच बास्क प्रांतांना लागू झालं. म्हणजे न्यायालयानेही शेवटी बोट ठेवलं ते जोखमीवरच. स्वतःच्या खिशातून सवलत द्याल तर ती तुमची करनीती, दुसऱ्याच्या खिशातून द्याल तर ती मदत.

तिसऱ्या कसोटीवर बास्क प्रदेश खरोखर उतरतो का, हे कूपोचा हिशेब कसा होतो यावर अवलंबून आहे. गाडं अडतं ते तिथेच.

बंद खोलीतली वजाबाकी

वर्तमानपत्रांत भांडण ६.२४ वर होतं. हा आकडा १९८१ च्या सुमारास देशाच्या उत्पन्नातल्या बास्क वाट्यावरून धरला गेला. आज तो वाटा सहा टक्क्यांच्या आसपास आहे आणि लोकसंख्येतला तर पाचाच्याही खाली. त्यामुळे बास्क पुढारी म्हणतात, 'आम्ही तर जास्तच देतो', आणि आकड्यापुरतं ते चूक नाही.

प्रश्न आहे तो ६.२४ टक्के कशाचे, हा. केंद्राच्या एकूण खर्चातून 'बास्क प्रदेशाने स्वतःकडे घेतलेली कामं' वजा केली जातात आणि उरलेल्यावर टक्केवारी लागते. ही वजाबाकी जितकी मोठी, तितका कूपो लहान. उरलेली रक्कम १००० धरली तर कूपो ६२.४, १५०० धरली तर ९३.६. टक्का तोच, रक्कम दीडपट. बास्क प्रदेशाकडे शिक्षण आणि आरोग्य आहे, म्हणून केंद्र इतर प्रदेशांना त्यासाठी जे पैसे देतं ते वजा होतात. वरवर रास्त. पण त्या पैशांत गरीब प्रदेशांना श्रीमंतांच्या पातळीवर आणणारा हिस्साही असतो, आणि तोही त्याच वजाबाकीत निघून जातो. आंतरप्रादेशिक भरपाईचा एक छोटा निधी आहे, त्याला बास्क प्रदेश हातभार लावतो. मोठ्या समानीकरणाला नाही. व्हॅट जमा होतो एकीकडे आणि खरेदी होते दुसरीकडे, हा फरक मिटवणारं समायोजनही बास्क बाजूला झुकलेलं आहे, असं अनेक स्पॅनिश अर्थशास्त्रज्ञ सांगतात. परिणाम असा, की देशातल्या सर्वांत सधन प्रदेशांपैकी एक सामायिक ओझ्याला फारसा खांदा देत नाही, आणि त्याच कामांसाठी दरडोई त्याच्या हाती उरणारा पैसा सामान्य व्यवस्थेतल्या प्रदेशांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

हा हिशेब ठरतो एका संयुक्त समितीत. दोन्ही बाजूंचे समान प्रतिनिधी, निर्णय एकमताने. तिथे ठरलेलं विधेयक संसदेत एका कलमाचं म्हणून येतं: हो म्हणा किंवा नाही, दुरुस्ती नाही. कुठल्या खर्चाची वजाबाकी का झाली, याचं सविस्तर स्पष्टीकरण कुणी देत नाही.

आणि संयुक्त समितीचं घड्याळ माद्रिदच्या राजकारणावर चालतं. २०१७ मध्ये पंतप्रधान मारियानो राहोय यांना अर्थसंकल्पासाठी मतं कमी पडत होती. बास्क राष्ट्रवादी पक्षाकडे पाच होती. त्या मे महिन्यात कूपोचा वर्षानुवर्षं रेंगाळलेला वाद मिटला: जुन्या फरकापोटी सुमारे १४० कोटी युरो बास्क प्रदेशाला परत, आणि नव्या पाच वर्षांसाठी पायाभूत कूपो ९५.६ कोटी युरो. सिउदादानोस पक्षाने त्याला 'कूपोनासो' म्हणून हिणवलं. अंधांच्या संघटनेच्या लोकप्रिय लॉटरीच्या मोठ्या बक्षिसाचं ते नाव. पुढच्या वर्षी याच पाच मतांनी राहोय यांचा अर्थसंकल्प पुन्हा तारला आणि जेमतेम आठवड्याने अविश्वास ठरावात त्यांचं सरकार पाडलं. सौदा अर्थसंकल्पापुरता होता. तशी अटच होती, असं कोणी म्हणालं तर त्यावर उत्तर नाही.

हेच कॅटलोनियाला हवं झालं तर

एक बारका प्रदेश सामायिक पंगतीबाहेर बसला तर यजमानाला फार जड जात नाही. बास्क प्रदेश आणि नावार्रा मिळून देशाच्या उत्पन्नाचे आठ टक्क्यांच्या आतबाहेर. त्यांच्या न येण्याने पडणारी तूट बाकीच्यांत पसरते, कुणाला फारशी टोचत नाही. ही व्यवस्था चाळीस वर्षं टिकली त्याचं मोठं कारण तिचं शहाणपण नव्हे, तिचा आकार आहे.

कॅटलोनिया देशाच्या उत्पन्नाचा सुमारे १९ टक्के आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये तिथले अध्यक्ष आर्तुर मास यांनी राहोय यांच्याकडे बास्क धर्तीचा करार मागितला आणि नकार घेऊन परतले. पुढची पाच वर्षं कुठे गेली ते ठाऊक आहे. १ ऑक्टोबर २०१७ चं बेकायदा ठरवलेलं सार्वमत, आणि त्या आठवड्यातच सबादेल बँकेचं नोंदणीकृत कार्यालय आलिकांतेला, कैशाबँकचं व्हॅलेन्सियाला. पुढे हजारो कंपन्या त्याच वाटेने गेल्या. कारखाने जागेवरच राहिले, हललं ते कागदावरचं घर. तरी अनिश्चिततेचा दर किती वेगाने वसूल होतो, ते दिसलं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये साल्व्हादोर इया कॅटलोनियाचे अध्यक्ष झाले ते एका नव्या वचनावर: सगळे कर कॅटलोनियाच वसूल करेल आणि सामायिक खर्चाचा व 'एकजुटीचा' वाटा माद्रिदला देईल. बास्क नमुनाच, वर एकजुटीचा एक शब्द जास्त. एस्त्रेमादुरा आणि आंदालुसिया या गरीब प्रदेशांचं लक्ष त्या एका शब्दावर आहे, कारण त्यांच्या दवाखान्यांचा पैसा त्यात आहे. बास्क वजाबाकीच्या पद्धतीने हिशेब झाला तर सामायिक निधीतले दोन मोठे दाते उरणार नाहीत, एकटं माद्रिद उरेल. आणि माद्रिद मग कशासाठी राहील?

चालू कूपोचा काळ २०२२ ते २०२६ आहे. समझोत्याच्या कायद्यात लिहिलं आहे, की टक्केवारी मुख्यतः बास्क उत्पन्नाच्या प्रमाणावरून ठरवावी, आणि दर पाच वर्षांनी तशी संधी येते. दर वेळी दोन्ही बाजू ६.२४ वर सही करतात. तो आकडा उघडला, तर वजाबाकीही उघडावी लागेल.